सगळं ऐकलेल्यांची साक्ष

फ्लीटवुड मॅक या बँडच्या नावात दोन माणसं आहेत. ड्रम वाजवणारा मिक फ्लीटवुड आणि बास वाजवणारा जॉन मॅकव्ही. हे मला कित्येक वर्षं माहीत होतं. पण त्याचा अर्थ उमगला तो त्यांचे अल्बम पहिल्यापासून ओळीने ऐकायला घेतले तेव्हा. १९६८ च्या पहिल्या अल्बमवर हा बँड पीटर ग्रीनचा आहे, कसदार ब्लूज वाजवणारा. १९७० मध्ये ग्रीन निघून गेला. मग डॅनी कर्वन आणि बॉब वेल्च यांच्या गाण्यांची मऊ, धुकट वर्षं आली. पुढे तेही गेले. बँड इंग्लंड सोडून कॅलिफोर्नियात आला, लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स येऊन मिळाले, आणि १९७७ मध्ये ‘रूमर्स’ आला, जो सगळ्या जगाला ठाऊक आहे. तो त्यांचा अकरावा स्टुडिओ अल्बम.

म्हणजे त्याआधी दहा अल्बम. त्या दहांत गायक बदलले, गिटारवाले बदलले, गाण्यांची जातकुळी बदलली. खाली चालणारा ड्रम आणि बास मात्र तोच राहिला. ‘रूमर्स’मधल्या ‘द चेन’मध्ये शेवटाकडे गाणं जवळजवळ थांबतं आणि मॅकव्हीचा बास पुढे येतो. हा तुकडा सुटा ऐकला तरी छानच वाटतो. पण दहा अल्बम चालून त्याच्यापाशी पोचलं, की इतकी वर्षं पडतं घर खांद्यावर तोलून धरणारा माणूस आता कुठे तोंड उघडतोय असं वाटतं. मी त्या जागी गाणं थांबवून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

हा अनुभव माझ्या एकटीचा राहू नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्यामागे आवडीनिवडीपलीकडचं कारण आहे. एखाद्या बँडची डिस्कोग्राफी, म्हणजे त्याने प्रसिद्ध केलेलं सगळं काम, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणं आणि त्यातली आपली आवडती गाणी कारणांसह ऑनलाइन मांडणं हा फावल्या वेळचा चाळा समजला जातो. माझ्या मते आज ते सार्वजनिक काम झालं आहे. कारण कोणतं संगीत लक्षात राहील हे ठरवण्याचं काम आपण मोजणीच्या यंत्रावर सोपवलं आहे, आणि त्या यंत्राने स्वतः काहीच ऐकलेलं नाही.

स्ट्रीमिंग सेवेवर कुठल्याही बँडचं पान उघडून पाहा. सर्वांत वर लोकप्रिय गाणी. अल्बम त्याखाली, बऱ्याचदा आणखी एकदा बोट टेकवावं लागेल अशा जागी. नवा माणूस येतो, वरचं गाणं लावतो, त्याचा आकडा एकने वाढतो आणि ते गाणं वरच राहतं. वर आहे म्हणून वाजतं, वाजतं म्हणून वर आहे. यात कुणाचा कट नाही. पण पन्नास वर्षं काम केलेल्या बँडची ओळख पाच गाण्यांत आटते ती अशीच. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं धरलं जातं. काम करता करता मागे वाजत राहिलेलं गाणं आणि दिवे मालवून, डोळे मिटून ऐकलेलं गाणं या मोजणीत एकसारखंच. २०२४ पासून तर तिथे ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० ऐकणी मिळाली नाहीत, त्याला मानधनच मिळत नाही. नामांकित बँडांना याची झळ लागणार नाही. पण आकडा हाच कस, ही समजूत त्यातून आणखी पक्की होते, आणि छोट्या बँडांची जुनी कामं आधीच अंधारात असतात.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. तीस वर्षांत दहा-पंधरा अल्बम करणाऱ्या माणसांना ते माप लावता येत नाही. त्यांच्या वयाची, भांडणांची, मृत्यूंची, पैशाची आच दर वेळी वेगळी असते.

पिंक फ्लॉइडचं पाहा. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ चा, त्यांचा आठवा स्टुडिओ अल्बम. त्याच्या आदल्या वर्षी ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’ नावाचा अल्बम आला होता. एका फ्रेंच चित्रपटासाठी फ्रान्समध्ये जाऊन घाईघाईने ध्वनिमुद्रित केलेला. दोन मोठ्या अल्बमांच्या मधली फट म्हणून बहुतेक लोक तो ओलांडून जातात. मीही ओलांडला असता. पण क्रमाने ऐकायचं ठरवलं होतं म्हणून लावला, आणि त्यात ‘फ्री फोर’ भेटलं. चाल हलकीफुलकी, टाळ्या वाजवाव्यात अशी. शब्द मात्र म्हातारपणाचे आणि मरणाचे, आणि मध्येच एक ओळ युद्धात मारल्या गेलेल्या माणसाच्या मुलाची. ही गाणी लिहिणारा बँडचा बासवादक रॉजर वॉटर्स, त्याचे वडील १९४४ मध्ये इटलीतल्या आन्झिओच्या लढाईत मारले गेले. तेव्हा वॉटर्स जेमतेम पाच महिन्यांचा होता. हे दुःख पुढे १९७९ च्या ‘द वॉल’मध्ये भिंतीएवढं उंच होतं आणि १९८३ चा ‘द फायनल कट’ तर त्यानेच भरून जातो. पण त्याचा उच्चार त्याआधीच इथे आहे, सव्वाचार मिनिटांच्या, जवळजवळ नाचत्या चालीच्या गाण्यात. जणू इतकी जड गोष्ट बोलायला आधी हलका सूरच हवा होता. लोकप्रिय पाचांत हे गाणं कधी येणार नाही, आणि येऊही नये. पण ते ऐकल्यावर ‘द वॉल’कडे बघण्याची माझी नजर कायमची बदलली. त्याआधी त्या अल्बममधला आक्रोश मला थोडा नाटकी वाटायचा.

अपयशी ठरलेल्या अल्बमांबद्दल तर मला जास्तच आग्रहाने बोलायचं आहे. रश या कॅनडाच्या त्रिकुटाचा ‘कॅरेस ऑफ स्टील’ १९७५ मध्ये आला आणि पडला. त्यानंतरच्या दौऱ्याला त्यांनी स्वतःच ‘डाउन द ट्यूब्स’ म्हणायला सुरुवात केली, कारण सगळं वाहून चाललंय असंच त्यांना वाटत होतं. लहान, सोपी, रेडिओवर चालतील अशी गाणी करा, असा कंपनीचा दबाव होता. उत्तर म्हणून त्यांनी १९७६ मध्ये ‘२११२’ काढला, ज्याची अख्खी पहिली बाजू वीस मिनिटांच्या एकाच रचनेची आहे. तो चालला, आणि त्यानेच त्यांना वाचवलं. ही गोष्ट नेहमी धाडसाची म्हणून सांगितली जाते. पण ‘कॅरेस ऑफ स्टील’ ऐकला की तिचा पोत बदलतो. कारण त्या पडलेल्या अल्बमची दुसरी बाजूसुद्धा वीस मिनिटांच्या एकाच रचनेची आहे. म्हणजे ‘२११२’ ही उडी नव्हती. जे जमलं नव्हतं तेच पुन्हा, यावेळी नीट, करून दाखवण्याचा तो हट्ट होता. पहिल्या वेळी कुठे सैल पडलं आणि दुसऱ्या वेळी काय घट्ट केलं हे कानाला स्वच्छ कळतं. हे शिक्षण ‘सर्वोत्तम गाणी’ या नावाच्या कुठल्याही संग्रहात मिळत नाही, कारण संग्रह करणारे आधी अपयशच कापून टाकतात.

आणि काही गोष्टी तर फक्त क्रमानेच ऐकू येतात, कारण त्या आवाजात नसतात, आवाज नसण्यात असतात. मेटालिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मार्च १९८६ चा. त्यातल्या ‘ओरायन’ या शब्दांविना रचनेच्या मध्यावर क्लिफ बर्टनचा बास असा काही उघडतो की गिटारवाल्यांनी त्याच्यामागून चालावं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये दौऱ्याच्या बसला अपघात झाला आणि बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. पुढचा अल्बम, ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’, १९८८ चा. नवा बासवादक जेसन न्यूस्टेड त्यात वाजवतो, पण मिश्रणात, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र बसवताना, त्याचा बास इतका खाली ठेवला आहे की तो जवळजवळ ऐकूच येत नाही. हा दोष कसा राहिला यावर चाहते आजही वाद घालतात. मला तो वाद इथे घालायचा नाही. दोन्ही अल्बम एकापाठोपाठ लावल्यावर जे होतं ते सांगते: खालची जमीन गेलेली असते. ड्रम कोरडे, गिटारी धारदार, आणि मधोमध एक पोकळी. सुट्या गाण्यात तो तांत्रिक दोष वाटतो, ओळीने ऐकताना मात्र ते सुतक वाटतं. त्याच अल्बमवर ‘टू लिव्ह इज टू डाय’ ही रचना आहे. बर्टन मागे ठेवून गेलेल्या तुकड्यांवर उभी केलेली, त्याचं नाव श्रेयात असलेली. ती येईपर्यंत मी सावरलेली नव्हते.

आता आक्षेपांकडे येते, कारण त्यातले काही खरे आहेत.

वेळ कुणाला आहे, हा पहिला. रशचे एकोणीस स्टुडिओ अल्बम आहेत, १९७४ ते २०१२. सरासरी पाऊण तास धरला तर सगळे मिळून पंधरा तासांच्या आसपास. एका लांबलचक मालिकेला आपण याहून जास्त वेळ देतो. आठवड्याला एक अल्बम ऐकला तर चार-साडेचार महिने. आयुष्यात शंभर बँड असे ऐका असं मी म्हणत नाही. तीन-चार ऐका, पण पुरते ऐका.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: ही संपूर्णतेची हाव आहे, यादीवर खुणा करत जाणं आहे, यात ऐकणं कुठे आहे? हे मला मान्य करावं लागतं, कारण असं होताना मी पाहते. दिवसाला तीन अल्बम उरकायचे, प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे, पुढच्या बँडकडे वळायचं. कामांचा ढीग उपसावा तसं. असं ऐकणारा माणूस मोजणीच्या यंत्राची नक्कल करत असतो, फक्त त्याहून हळू. अल्बम आवडेपर्यंत नव्हे, पण निदान समजेपर्यंत तरी थांबायला हवं. माझा अनुभव असा की दोनदा ऐकल्याशिवाय कुठल्याही अल्बमबद्दल बोलू नये, आणि पहिल्या वेळी जो कंटाळवाणा वाटला तो तर तीनदा ऐकावा.

तिसरं म्हणणं, की साठच्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक बँड सुट्या गाण्यांसाठीच काम करत, अल्बममध्ये भरताड असे, मग ते आज कशाला ऐकायचं? यात तथ्य आहे. म्हणूनच डिस्कोग्राफी म्हणजे फक्त अल्बमांची रांग नव्हे. बीटल्सचं ‘रेन’ १९६६ मध्ये एका सिंगलची, म्हणजे सुट्या गाण्याच्या छोट्या तबकडीची, मागची बाजू म्हणून आलं, आणि गाण्याच्या शेवटी उलटा फिरवलेला आवाज त्यात आहे. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ १९६७ च्या फेब्रुवारीत सिंगल म्हणून आलं आणि त्या वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’वर ते नाही. जो फक्त अल्बम ऐकत जाईल त्याच्या हातून हे दोन्ही निसटतील, आणि त्याला वाटेल की बँड एका अल्बमवरून दुसऱ्यावर अचानक पोचला. तसाच प्रश्न क्रमाचा. ‘लेट इट बी’ मे १९७० मध्ये आला, पण त्याचं बहुतेक काम जानेवारी १९६९ मधलं, म्हणजे ‘ॲबी रोड’च्या आधीचं. प्रकाशनाच्या क्रमाने ऐकलं तर बँड विस्कटलेल्या सुरात संपतो. ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने ऐकलं तर शेवटी एकत्र येऊन, नीट निरोप घेऊन जातो. मी दोन्ही क्रमांनी ऐकलं आहे आणि ध्वनिमुद्रणाचा क्रम जास्त खरा मानते. पण तुम्ही कोणता धरलात हे सांगितल्याशिवाय तुमच्या मताला अर्थ नाही.

इथून मांडण्याचा प्रश्न सुरू होतो, आणि माझा खरा आग्रह इथे आहे. बँडची पहिली दहा आवडती गाणी, अशी यादी करू नका. प्रत्येक अल्बममधून एक गाणं निवडा.

फरक लहान वाटतो, पण परिणाम अगदी वेगळा होतो. पहिल्या दहांच्या यादीत सात गाणी पुन्हा त्याच दोन गाजलेल्या अल्बमांतून येतात. म्हणजे तीस वर्षांचं काम ऐकूनही आपण लोकप्रियतेच्या यादीचीच प्रत काढतो. शिवाय क्रमांक आले की भांडण क्रमांकांवर होतं, गाण्यावर होत नाही. चौथं की पाचवं यावर लोक पानभर लिहितात आणि गाण्यातल्या एका आवाजाबद्दलही बोलत नाहीत. अल्बममागे एक गाणं हा नियम धरला तर पडलेल्या अल्बममध्येही शिरावं लागतं आणि तिथे काय जिवंत आहे ते शोधावं लागतं. क्वीनचा १९८२ चा ‘हॉट स्पेस’ हा त्यांच्या चाहत्यांनी सर्वांत जास्त नाकारलेल्या अल्बमांपैकी एक. तिथे ‘अंडर प्रेशर’वर बोट ठेवणं सोपं आहे. पण डेव्हिड बोवीबरोबरचं ते गाणं १९८१ मध्येच स्वतंत्रपणे येऊन गाजलं होतं. ते अल्बमवर आहे, अल्बमचं नाही. म्हणून मी आणखी शोधत राहिले आणि त्यांचा गिटारवादक ब्रायन मे याने लिहिलेल्या ‘लास पालाब्रास दे आमोर’पाशी थांबले. नाचाच्या तालांवर बेतलेल्या अल्बममध्ये हे एकच गाणं जुन्या क्वीनसारखं छाती भरून गातं, आणि कदाचित म्हणूनच थोडं एकटं पडलेलं वाटतं. नियम नसता तर मी तिथवर गेलेच नसते.

निवडीसोबत दोन-तीन वाक्यांचं कारण हवं. ‘अप्रतिम’, ‘अंगावर काटा’ एवढ्याने ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कुठल्या मिनिटाला काय होतं, कोणतं वाद्य काय करतं, आधीच्या अल्बममध्ये हे नव्हतं ते इथे कसं आलं, हे सांगा. मत पटलं नाही तरी ऐकणाऱ्याला जागा कळते आणि तो स्वतः जाऊन पाहू शकतो. आणि आवृत्ती सांगा. मूळ, रीमास्टर (जुन्या मुद्रणाचा आवाज नव्याने घासूनपुसून काढलेली आवृत्ती), की नव्याने केलेलं मिश्रण. ही किरकोळ बाब नाही. मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ २००८ मध्ये आला तेव्हा सीडीवरचा आवाज इतका दाबून मोठा केला होता की तो फाटत होता. हे उघड कसं झालं? तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात आली होती, आणि ऐकणाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली. हजारो लोकांनी अल्बमचं मिश्रण पुन्हा करा अशी मागणी केली. ध्वनीचा दाब वाढवत नेण्याच्या साऱ्या प्रथेवर त्यातून जगभर चर्चा झाली. कान देऊन ऐकणारे आणि ऐकलेलं नेमकं सांगणारे लोक नसते तर ते तसंच खपलं असतं.

या साक्षीचं मोल वेळ गेल्यावर कळतं. किंक्सचा ‘द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी’ ब्रिटनमध्ये २२ नोव्हेंबर १९६८ ला आला, नेमका त्याच दिवशी बीटल्सचा पांढऱ्या वेष्टनातला दुहेरी अल्बमही आला. किंक्सचा अल्बम ना ब्रिटनच्या विक्रीयादीत दिसला, ना अमेरिकेच्या. आज तो त्यांच्या सर्वोत्तम कामांत गणला जातो. आकड्यांच्या हातात असतं तर तो १९६९ मध्येच पुसला गेला असता. तो टिकला कारण कुणीतरी ऐकला आणि दुसऱ्याला सांगितलं, आणि त्याने तिसऱ्याला.

स्ट्रीमिंग सेवांकडूनही काही मागायला हवं. बँडचं पान उघडलं की अल्बम मूळ प्रकाशनाच्या वर्षाने लावलेले दिसावेत. पन्नास वर्षांपूर्वीचा अल्बम रीमास्टरच्या वर्षाखाली गेला तर क्रमच मोडतो. अल्बम जिथे संपायचा तिथे संपावा. शेवटच्या सुरानंतरची शांतता हाही अल्बमचा भाग आहे, आणि तिथे लगेच अर्धवट तालमींचे जादा ट्रॅक सुरू झाले की तो नाहीसा होतो. बास कुणी वाजवला, गाणं कुणी लिहिलं हे अर्ध्या मिनिटात सापडावं. यातली एकही गोष्ट तंत्राला अवघड नाही.

सध्या मी किंग क्रिमसन ऐकते आहे. १९६९ ते २००३, तेरा स्टुडिओ अल्बम, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत असलेला माणूस एकच, रॉबर्ट फ्रिप. तिसऱ्या अल्बमवर, १९७० च्या ‘लिझर्ड’वर, अडकले आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा नुसता गोंधळ वाटला, दुसऱ्यांदा पहिली बाजू थोडी उलगडली. दुसऱ्या बाजूवरच्या तेवीस मिनिटांच्या रचनेत मध्येच एक ओबो सुरू होतो, संथ, सगळ्या गोंगाटातून वाट काढत, आणि त्याच्याभोवती बाकीची वाद्यं हळूहळू जमू लागतात. तो भाग निवडायचा तर सगळी रचना निवडावी लागेल, आणि ती मला अजून सगळी कळलेली नाही. आज रात्री तिसऱ्यांदा लावणार आहे.